गिरणीच्या दारावरचं सुतक

बोरजवळग्याच्या माळवस्तीत गेल्या पाच वर्षांत एकच माणूस मेलं, असं ग्रामसेवकानं पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत माइकवरून वाचून दाखवलं आणि गिरिजाबाई मोठ्यानं हसली. सभा गप्प होती, त्यामुळं ते हसणं पार मारुतीच्या पारापर्यंत ऐकू गेलं.

"वैनी, हसायला काय झालं?" सरपंच शंभुलिंग म्हणाला. तो तिचा धाकटा दीर.

"काय न्हाय भावजी. दीडशे माणसं अन् पाच वर्षांत एक मरण! मला बी तिकडंच एक खोप घालून द्या. गावात राहून उगीच मरायची पाळी यायची."

बायका तोंडाला पदर लावून खुसखुसल्या. शंभुलिंग मात्र हसला नाही, कारण त्या एका आकड्यावर त्याचं बरंच काही टेकलेलं होतं. गावाला आरोग्य उपकेंद्र मंजूर झालं होतं. एक नर्सबाई, बाळंतपणाची एक खोली, औषधांचं एक कपाट. जागा ग्रामसभेनं ठरवायची. एक जागा गावठाणात, पंचायतीच्या मागं. जळकोटकडून येणारी सडक तिथूनच जाते आणि शंभुलिंगचे चार गाळेही तिथंच आहेत. दुसरी जागा ओढ्यापलीकडं माळावर, पारध्यांच्या वस्तीजवळ, गावापासून तीन किलोमीटर. तालुक्याच्या पत्रात लिहिलं होतं की जिथं मरण जास्त तिथं केंद्र द्यावं. ग्रामसेवकानं मृत्यूची नोंदवही उघडली, बोट फिरवलं आणि वाचलं: गावठाण अडतीस, माळवस्ती एक.

"म्हंजी तिथं कोण मरतच न्हाय," शंभुलिंग म्हणाला. "दवाखाना आजाऱ्याला लागतो. ठणठणीत माणसाला कशाला?"

सतरंजी सोडून कडेला मातीवर झुंबरबाई बसली होती. माळावरून आलेली ती एकटीच. तिची सून रेशमी चार महिन्यांची पोटुशी होती. आधीची दोन लेकरं गेली होती. दुसरं तर बाजेवर घालून ओढ्यापर्यंत आणेपर्यंतच गेलं. सुनेचं तिसरं तरी दवाखान्यात व्हावं, एवढ्यासाठी झुंबरबाई तीन किलोमीटर चालून आली होती.  तिनं नुसतं गिरिजाबाईकडं बघितलं.

मग गिरिजाबाई उठली आणि पाऊण तास भांडली. "तुमच्या वहीत न्हाय म्हणून माणूस मेलंच न्हाय व्हय? वहीत नाव लागल्यावरच जीव जातो काय?" अखेर सभा दोन ऑक्टोबरवर ढकलावी लागली. वैतागलेला ग्रामसेवक जाता जाता म्हणाला, "बाई, तुमच्याकडं दुसरी वही असंल तर आणा की."

"हाय," ती म्हणाली. "आणते."

आणि ती थाप नव्हती.

गिरिजाबाईची पिठाची गिरणी आहे. वय अठ्ठावन्न, शिक्षण सातवी नापास. नवरा महांतप्पा वारला तेव्हा भावकीनं सांगितलं, गिरणी विकून टाका, बाईमाणसाचं काम नव्हे. ती दगडाला टाकी लावायला, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडायला शिकली, पट्टा चढवायला शिकली, आणि मोटार जळाली तेव्हा वायरमनच्या डोक्यावर उभी राहून त्याच्या हातांकडं अशी टक लावून बघत बसली, की पुढच्या खेपेला त्याला बोलवावंच लागलं नाही. गावात म्हणतात, गिरिजाअक्काकडं पीठ बारीक मिळतं आणि बोलणं भरड. फार चिडली की ती माहेरच्या कानडीत शिरते. "साकु!", म्हणजे "पुरे!", असं ओरडली की गिऱ्हाईक डबा उचलून बाजूला होतं.

तिच्या घरात, म्हणजे लिंगायतांत, सुतक मानत नाहीत. माणूस शिवाला मिळाला, मग विटाळ कसला? पण गिरणी साऱ्या गावाची. सुतकातल्या घराचं दळण आधी टाकलं तर मागच्या बायका नाक मुरडतात, डबे उचलून घरी जातात. म्हणून तिच्या सासऱ्यानं रीत घातली होती: सुतक असलेल्या घराचं दळण दिवसाच्या शेवटी. त्यासाठी कोणाच्या घरी कोण गेलं आणि सुतक कोणत्या तारखेला फिटतं, हे पत्र्याच्या दारावर आतून खडूनं लिहिलेलं असायचं. खडू पुसला जाऊन भांडणं व्हायला लागली, तशी गिरिजाबाई तेच भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहू लागली. तारखेच्या चौकोनात घराचं नाव, गेलेल्याचं नाव, वय. वर्ष सरलं की नवं कॅलेंडर जुन्यावरच टांगायचं. अशी पाच वर्षांची पाच कॅलेंडरं एका खिळ्याला होती. तिची वही ती हीच.

सभेच्या दिवशी संध्याकाळी तिनं ती खाली उतरवली, चष्मा पुसला आणि बोट लावून मोजत गेली. गावठाणात बेचाळीस. ग्रामसेवकापेक्षा चार जास्त! तिला गुदगुल्या झाल्या. मग तिनं माळवस्ती मोजली.

दोन.

परत मोजली. दोनच. त्यातला एक झुंबरबाईचा नवरा, तो तिनं स्वतः येऊन सांगितला होता म्हणून.

 माळावरच्या बायका दोन-तीन किलोचं दळण घेऊन यायच्या, आणि ते ती रोजच शेवटी टाकायची. सुतक असो, नसो. रीत तशीच होती, सासऱ्याच्या वेळेपासून. ज्यांचा नंबर कायमचा शेवटचा, त्यांच्या घरी कोण मेलं हे विचारायची गरज कधी पडलीच नव्हती. ग्रामसेवकाला चारचौघांत सोलून आलेली बाई आपल्याच कॅलेंडरापुढं चोरासारखी बसली.

दुसऱ्या दिवशी गिरणीला कुलूप घालून ती माळावर गेली. झुंबरबाई खोपीच्या दारात तवा घासत होती.

"मेलेल्यांची नावं दे," गिरिजाबाई म्हणाली. रामराम नाही, शामराम नाही.

"कशाला?"

"लिहायला."

झुंबरबाईनं राखेचा हात झटकला. "आमची यादी आजवर ठाण्यातच झालीय, अक्का. कागद-पेन घेऊन आलेलं माणूस बघितलं की इथली गडीमाणसं शिवारात पळतात. जित्यांची नावं सांगून पस्तावलो. आता मेलेल्यांना बी वढून न्हेतीस व्हय?"

"उपकेंद्र पायजे का नको?"

"पायजे."

"मग मर की सांगून."

त्यावर झुंबरबाई हसली. दात नसलेल्या तोंडानं, पण हसली. आणि तिला घेऊन ओढ्याच्या काठाला गेली. तिथं करंजांच्या सावलीत दगड मांडलेले होते, काही मोठे, काही मुठीएवढे. झुंबरबाईला एकेक दगड पाठ होता. हा सर्पदंशानं गेलेला, गावात न्यायला मोटरसायकल मिळाली नाही. ही पहिल्या बाळंतपणात गेली, तिच्या शेजारी तिचं. हा तापानं. ही पिवळी पडली होती. वय विचारलं की झुंबरबाईचा हिशोब वेगळाच: "दुष्काळात जलमलेला," "माझ्या थोरल्यापरीस बारका." गिरिजाबाई वजाबाक्या करत करत लिहीत होती. पाच वर्षांचे दगड झाले सतरा.

मग ती खोपीखोपीत जाऊन जित्या माणसांची मोजदाद करून आली. नुसतं मेलेले मोजून काय कळतं? पोत्यात दहा किडे असले तर धान्य चांगलं. शेरात दहा असले तर फेकण्यालायक. हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. गावठाणात माणसं बाराशे, मेलेले बेचाळीस, म्हणजे शंभरामागं साडेतीन. माळावर दीडशे, मेलेले सतरा, म्हणजे शंभरामागं अकराच्या वर. तिनं तीनदा करून बघितलं. तिप्पट!

तिनं अजून एक केलं. पीठ चाळतात तशी ती नावं तीन चाळण्यांतून काढली: लेकरं, कर्ती माणसं, म्हातारी. गावठाणातल्या बेचाळिसांत तीस जणं सत्तरी ओलांडलेली निघाली. माळावरच्या सतरांत आठ लेकरं, आठ कर्ती, आणि म्हातारं एक. झुंबरबाईचा नवरा. तोही साठीचा.

"तुमच्यात म्हातारी का मरत न्हाईत गं?" तिनं बोलता बोलता विचारलं.

"म्हातारं व्हायला मिळालं तर मरतील," झुंबरबाई म्हणाली.

दोन दिवसांनी गिरिजाबाई पाचही कॅलेंडरं पिशवीत कोंबून तालुक्याला गेली. आरोग्य अधिकारी डॉक्टर अमरसिंह तरुण होते. समोर फायलींची रास आणि मोबाइलवर सतत कुणीतरी. दारातल्या शिपायाला "सरक बाजूला" म्हणून ती आत घुसली आणि खुर्चीवर बसायच्या आधीच बोलली, "तिप्पट!"

"काय तिप्पट, मावशी?"

"मरण."

डॉक्टरांनी मोबाइल पालथा ठेवला. तिनं सांगितलं ते सगळं ऐकून घेतलं, कॅलेंडरं उलटून बघितली, आणि एका चौकोनावर बोट ठेवून त्यांना हसू आलं. तिथं 'सुतक फिटलं, सकाळी दळणे' असं लिहिलेलं होतं. "अशी नोंद मी कुठंच बघितली नाही," ते म्हणाले. "लेखी द्या. दोन ऑक्टोबरला मी स्वतः येतो."

ती तरंगतच गावात आली. चहाच्या टपरीवर, एसटीच्या थांब्यावर, गिरणीत, जिथं तोंड उघडेल तिथं एकच शब्द: तिप्पट. शंभुलिंग समोरून आला तर त्यालाही ऐकवला. आठ दिवसांत पोरंसोरं तिला बघून ओरडायला लागली, "तिप्पट अक्का आली!"

आणि मग एका दुपारी सत्यभामा दळण घेऊन आली. मराठ्यांच्या आळीतली, पस्तिशीची, तोंडानं गिरिजाबाईच्या तोडीची. डबा काट्यावर ठेवता ठेवता म्हणाली, "माळावरची लेकरं मोजलीस म्हणं, अक्का. दगड बघून बघून."

"मोजली. आठ."

"अन् माझं?"

गिरिजाबाईला कळेना.

"माझं चौथ्या दिवशी गेलं, दोन वर्सं झाली. तुझ्या कॅलेंडरात हाय का? दाखव की." सत्यभामाचा आवाज चढला. "त्यांच्या लेकरांचे दगड दिसले तुला. आमचं काय मांजराचं पिल्लू हुतं?"

कॅलेंडरात नव्हतं. असणार कसं? दात न आलेल्या लेकराचं गावात कोणी सुतक धरत नाही. गुपचूप नेतात, पुरतात, आंघोळ करून मोकळे. सुतक नाही म्हणून दळण थांबत नाही, दळण थांबत नाही म्हणून चौकोनात नाव नाही. गिरिजाबाईनं मोटार बंद केली. पट्टा फडफडत थांबला.

तिला स्वतःची आठवली. पहिली मुलगी, आठव्या दिवशी गेलेली. सासूनं धडप्यात गुंडाळून मळ्याच्या बांधाला नेली होती. "नावच ठेवलं न्हाय, तर रडतीस कुणाच्या नावानं?" असं म्हणाली होती सासू. छत्तीस वर्षं झाली. पाच वर्षांच्या हिशोबात ती बसत नव्हती, ते खरं. पण किती लेकरं झाली असं कोणी विचारलं, तर गिरिजाबाई आजवर दोन सांगत आली होती. तीन कधी सांगितलंच नव्हतं.

"बस," ती सत्यभामाला म्हणाली. "आन् तुला ठावी हायत तेवढ्या बायांची नावं सांग."

पुढचे दहा दिवस ती गावठाणात घरोघर फिरली. गड्यांना विचारून उपयोग नव्हता. "आमच्यात काय न्हाय" म्हणून ते तंबाखू मळत बसायचे. बायका चुलीपाशी, हलक्या आवाजात सांगायच्या. नऊ लेकरं निघाली. शिवाय तीन म्हातारी माणसं, पोरांकडं पुण्याला जाऊन तिकडंच वारलेली, म्हणून गावात त्यांचं सुतकच नव्हतं. बारा वाढले. बेचाळीस आणि बारा चोपन्न. शंभरामागं साडेचार. माळावर सव्वाअकरा.

अडीचपट.

तिनं कागद फाडून पुन्हा आकडेमोड केली. अडीचच.

झुंबरबाईला तिनं हे गिरणीच्या ओट्यावर बसून सांगितलं. झुंबरबाईनं सगळं नीट ऐकलं आणि म्हणाली, "नको सांगू."

"काय?"

"तिप्पट बोललीस, तिप्पटच ऱ्हाऊ दे. कोण मोजायला येतंय? सरकारनं एक सांगितलं तवा कुणाची जीभ झडली? तू तीन सांग. रेशमीला सहावा लागलाय, अक्का."

"म्या काट्यावर बसणारी बाई हाय. पासंग ठेवून तोलता येत न्हाय मला."

"काटा तुझा हाय. पोट आमचं हाय."

गिरिजाबाईला राग आला, आणि राग आला की ती खरं तेच बोलते, ही तिची खोड. "सत्यभामाचं लेकरू गाळून तुझं लेकरू मोजू व्हय? मग ग्रामसेवकात अन् माझ्यात फरक काय?"

झुंबरबाई उठून गेली. पीठ न्यायला विसरली.

दोन ऑक्टोबरला सभा गच्च भरली. डॉक्टर आले होते. गिरिजाबाईनं माइक हातात घेतला आणि पहिल्याच वाक्यात चूक कबूल केली. तिप्पट म्हणाले होते, ते चुकलं. गावातली लेकरं राहिली होती. खरा आकडा अडीचपट. तिला वाटलं होतं, खरं बोलणाऱ्याचं वजन वाढतं.

शंभुलिंगनं तिचं वाक्य संपूही दिलं नाही. "आधी तीन. आता अडीच. वैनी, दिवाळीपर्यंत थांबलो तर एकावर येताल की!"

सभा खदखदून हसली.

"अन् दुसरं," तो म्हणाला, "तुमच्याच तोंडानं मोजू. गावात चोपन्न मेले, माळावर सतरा. चोपन्न मोठे का सतरा मोठे? दवाखाना चोपन्नाला द्यायचा का सतराला?"

"भावजी, तुम्ही बाराशे हाव, ती दीडशे हायत! शंभरामागं बघावं लागतं." तिनं किडक्या धान्याचा दाखला दिला. पोत्यातले दहा किडे आणि शेरातले दहा. गिरणीत हे सगळ्यांना कळतं, इथंही कळेल असं तिला वाटलं.

"मग किडलेलं फेकूनच द्यावं की, अक्का!" मागून कोणीतरी ओरडलं.

या वेळी हसणं जास्त वेळ चाललं. मातीवर बसलेल्या झुंबरबाईनं पदर पुढं ओढला. गिरिजाबाईचे कान तापले. तिनं कॅलेंडर उचललं आणि आवाज आला त्या दिशेला भिरकावलं. ते मधेच एका म्हाताऱ्याच्या पागोट्यावर पडलं. "साकु!" ती किंचाळली. पण ही गिरणी नव्हती. इथं कोणी बाजूला झालं नाही.

सगळे डॉक्टरांकडं बघू लागले. ते उभे राहिले. "मावशींचं मोजमाप खरं आहे," ते म्हणाले, आणि क्षणभर तिला वाटलं, जमलं. "वयाला वय लावून बघितलं तर फरक अडीचपटीपेक्षाही मोठा असणार, कारण गावात म्हातारी माणसं गेली आहेत आणि तिकडं तरुण. पण अडचण अशी आहे की वस्ती दीडशेची. एवढ्या थोड्या माणसांत दोन-चार मरणं इकडची तिकडं झाली की आकडा उड्या मारतो. माझ्या वरच्या कार्यालयाला मी एका वस्तीवरून हे पटवून देऊ शकत नाही. अशा दहा-बारा वस्त्यांचे आकडे एकत्र आले, शेजारच्या गावठाणांसकट, तर मात्र कोणाला नाही म्हणता येणार नाही."

"समजा, पुढच्या पाच वर्षांत तिथं सातच मेले, तर हा आकडा कुठं राहिला?" शंभुलिंग घाईनं म्हणाला.

"तर म्या गावाला पेढे वाटीन!" गिरिजाबाई म्हणाली. "पण डॉक्टरसाहेब, मला येवढं सांगा. ती थोडी हायत, म्हणून त्यांचं मरण मोजता येत न्हाय. मोजता येत न्हाय, म्हणून दवाखाना न्हाय. अन् दवाखाना न्हाय, म्हणून ती थोडीच ऱ्हातात. ह्याला तुमच्या कॉलेजात काय म्हंत्यात?"

 डॉक्टर वाईट नव्हते, आणि तिचा राग त्यामुळंच जास्त झाला. वाईट माणसाला शिव्या घालता येतात.

हात वर झाले. माळाच्या बाजूनं अकरा. त्यातला एक सत्यभामाचा, नवऱ्यानं कोपर ओढलं तरी खाली न आलेला. गावठाणाच्या बाजूनं कोणी मोजलेच नाहीत. ठराव झाला, टाळ्या झाल्या, चिवड्याच्या पुड्या वाटल्या.

परतीच्या वाटेवर तिनं झुंबरबाईला गाठलं. "तीन सांगितलं असतं तरी हेच झालं असतं," ती म्हणाली.

"व्हय. झालं असतं." झुंबरबाई चालतच राहिली. "पण तवा तू आमच्यासंगट हारली असतीस. आता तुझं खरं ऱ्हायलं तुझ्यापाशी, अन् आमी तेवढे हारलो."

चार दिवसांत झुंबरबाई रेशमीला घेऊन येरमाळ्याला बहिणीकडं निघून गेली. तिथली वस्ती हमरस्त्याला लागून होती, दवाखाना हाकेवर. केव्हा येणार, हे तिनं कोणालाच सांगितलं नाही.

पंचायतीच्या मागं पाया खणला गेला. गिरिजाबाईला गिरणीच्या दारातून तो दिसायचा आणि दिवसभर तिचं डोकं फिरलेलं असायचं. मग एके सकाळी तिनं सासऱ्याची रीत मोडली. जी बाई ज्या नंबराला आली, तिचं दळण त्या नंबराला. सुतक असो, माळ असो. तिनं तसं दारावर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं. पंधरा-वीस घरांनी दळण शेजारच्या गावाला न्यायला सुरुवात केली. शंभुलिंग समजूत घालायला आला, "वैनी, धंदा बसंल." ती म्हणाली, "तुमचे गाळे उभे हायत न्हवं? मग माझ्या बसण्याची काळजी करू नका." पण तो गेल्यावर ती रिकाम्या काट्यापुढं बसून राहिली, आणि त्या दिवशी रागालाही तिची सोबत करावीशी वाटली नाही. अडीच. नुसतं अडीच म्हणून टाकलं असतं आधीच, घाईनं ओरडत फिरले नसते तर? पुरतं मोजून मग सांगितलं असतं तर चाललं असतं. पुरतं मोजायच्या आधीच तीन ओरडून सांगितलं, तिथं ती चुकली होती. हे तिला कळत होतं आणि कळून काही होत नव्हतं.

जानेवारी संपत आला तशी झुंबरबाई एकदम दारात उभी राहिली. डोक्यावर ज्वारीचं गाठोडं.

गिरिजाबाईनं मोटार बंद केली. विचारायची हिंमत होईना.

"पोरगी झाली," झुंबरबाई म्हणाली. "हाय."

"रेशमी?"

"ती बी हाय."

गिरिजाबाईनं गाठोडं उतरवून घेतलं.  मग झुंबरबाईनं चोळीतून घडी घातलेला कागद काढला, शाळेच्या वहीचा, कोणाकडून तरी लिहून घेतलेला. "येरमाळ्याच्या वस्तीत विचारलं म्या. ईटकडं माझी नणंद हाय, तिच्या वस्तीतलं बी आणलं. जळकोटच्या पल्याडचं भाच्यानं सांगितलं. कुठं किती माणसं, किती दगड, सगळं हाय ह्यात. त्यो डॉक्टर दहा-बारा वस्त्या म्हणाला हुता न्हवं? आमचं आमी मोजू. पण बाजूच्या गावठाणात आमाला कोण सांगणार? ते तू बघ."

"एक पोरगी वाचली म्हणून माझा राग गेला न्हाय हां," गिरिजाबाई म्हणाली.

"मला कुठं घालवायचाय?"

पुढच्या सोमवारी गिरिजाबाई येरमाळ्याच्या एसटीत बसली. तिथून पुढं चार किलोमीटर वडापच्या जीपनं, कागदातल्या वस्तीजवळच्या गावाला. गावात उतरल्यावर तिनं ना सरपंच विचारला ना पंचायत. पीठ दळायचा आवाज ऐकत ती सरळ गिरणीपाशी गेली. मालक गुरुसिद्धप्पा साठीचा, भुवयांवर पिठाची साय. आधी त्याला वाटलं, वसुलीवाली कोणीतरी. मग ती गिरणीवालीच आहे हे कळल्यावर त्यानं पोत्यावरची धूळ झटकून बसायला दिलं, दगड कोणता वापरता, टाकी किती दिवसांनी लावता, असं बोलणं झालं.

"सुतकाचं दळण कसं करता?" तिनं विचारलं.

"शेवटी. का?"

"लिहून ठेवता?"

गुरुसिद्धप्पानं अभिमानानं भिंतीकडं बोट केलं. गेरूनं ओढलेल्या रेघा, नावं, तिथी. सहा-सात वर्षांचं सगळं तिथं होतं. गिरिजाबाई जवळ जाऊन वाचायला लागली. बरंच वाचून झाल्यावर वळली.

"ह्यात लेकरं न्हाईत."

"लेकरांचं कसलं सुतक, बाई?"

"सुतक न्हाय. मरण विचारते मी. दात न आलेली, बारसं न झालेली. तुमच्या गल्लीतली."

गुरुसिद्धप्पा गोंधळला. त्यानं डोक्यावरची टोपी मागंपुढं केली, दोन नावं आठवल्यासारखी केली आणि सोडून दिली. मग मोटार बंद करून घराच्या दाराकडं तोंड केलं. "अगं, बाहीर ये जरा. हे तुलाच ठावं असंल."

त्याची बायको हात पुसत बाहेर आली. प्रश्न ऐकून ती नवऱ्याकडं बघू लागली. गिरिजाबाईनं त्याला तिथून जायला सांगितलं, आणि तो आपल्याच गिरणीतून मुकाट बाहेर जाऊन उभा राहिला. बाई पोत्यावर टेकली. अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायला लागली, ओठ हलत होते. एक हात संपला, तिनं दुसरा पुढं घेतला. गिरिजाबाईनं पिशवीतून वही काढली.